वलीला कधी सांगायचं?

मुलगी विचारते, "ॲपवर एक स्थळ बरं वाटतंय. अब्बांना आत्ताच सांगू, की थोडं बोलून मग?" वडील विचारतात, "पोरगी स्वतःच मोबाइलवर स्थळ बघणार असेल, तर आमचं काम काय उरलं?" ऑनलाइन स्थळ शोधणाऱ्या बहुतेक मुस्लिम घरांत हे दोन प्रश्न एकाच वेळी असतात, पण एकमेकांना विचारले जात नाहीत. उत्तर आधीच सांगायला हरकत नाही. घरी लवकर सांगावं, आणि वडिलांचं काम कमी न होता वाढतं. मात्र ते काम मुलीच्या मोबाइलवर पाळत ठेवण्याचं नाही. ते कोणतं, हे समजण्यासाठी आधी वली कोण आणि त्याचा अधिकार किती, हे पाहावं लागेल.

१. स्थळ मोबाइलवर का शोधावं लागतं

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानकं ओळीने येतात. ही शहरं वेगवेगळ्या कारणांनी वाढली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना यांच्या मागोमाग गावोगावचे कामगार आले. बदलापूर भरलं ते मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसांनी. सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटर लांब राहून रोज लोकल पकडायची तयारी असली, तर तिथे स्वतःचं छप्पर मिळत होतं.

इथले मुस्लिमही असेच वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गावांहून आले. कुणी रत्नागिरीचे, कुणी मराठवाड्यातले, कुणी उत्तर प्रदेशातले. भिवंडीत किंवा मुंब्र्यात अख्खा मोहल्ला ओळखीचा असतो. इथे एखाद्या सोसायटीत दोन घरं, पुढच्या गल्लीत चार. आपल्या भाषेचं, आपल्या चालीरीतींचं स्थळ जवळपास मिळणं अवघड. पूर्वी हे काम खाला आणि फुफी करायच्या, मशिदीचे इमाम करायचे, गावची जमात करायची. शोधणं आणि चौकशी ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असायची, कारण स्थळ सुचवणाऱ्या खालाला त्या घरातला धाकटा भाऊ काय करतो आणि थोरल्या सुनेला कसं वागवतात, हेही ठाऊक असायचं. बदलापूरच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला समोरच्या दाराआडच्या माणसाचं आडनावही कधीकधी माहीत नसतं. मोबाइलने शोधण्याचं काम उचललं, चौकशीचं काम मागे राहिलं. हा भाग लक्षात ठेवा, कारण वलीची गरज इथेच पडते.

२. वली म्हणजे कोण

वली म्हणजे निकाहाच्या बाबतीत मुलीच्या वतीने उभा राहणारा पालक. तो सहसा वडिलांच्या बाजूचा असतो. प्रथम वडील, ते नसतील तर आजोबा, मग सख्खा भाऊ, मग भावाचे मुलगे, काका, चुलतभाऊ. कुणीच नसेल तर काझी ती जागा घेतो. सज्ञान मुलाला असा वली लागत नाही. आईचं नाव या यादीत नाही किंवा अगदी शेवटी आहे, तेही फक्त हनफी या एका परंपरेच्या मतानुसार. व्यवहारात मात्र बहुतेक घरांत स्थळ हेरणं, फोटो मागवणं, पहिला फोन करणं हे सगळं अम्मीच करते, असं कुणीही अनुभवी माणूस सांगेल. म्हणून या प्रकरणात 'घरचे' म्हटलं की त्यात आई, मोठी बहीण आणि खालाही धराव्यात.

वली पुढे आला म्हणजे मुलगी मागे गेली, असं परंपरा सांगत नाही. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा यांनी स्वतःहून, नफीसा नावाच्या मैत्रिणीच्या मार्फत लग्नाचा पैगाम पाठवला. निकाहाच्या वेळी त्यांच्या बाजूने त्यांचे काका उभे राहिले, असं चरित्रकार सांगतात. पुढाकार तिचा, पाठबळ घरच्यांचं. उलट बाजूचंही उदाहरण आहे. पैगंबरांचे सोबती हजरत उमर यांची मुलगी हफ्सा विधवा झाली, तेव्हा वडिलांनी स्वतः आधी उस्मान यांना आणि मग अबू बक्र यांना विचारलं. दोघांकडून होकार आला नाही. पण स्वतःहून विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आज मुलीसाठी आपण आधी विचारायला लाजणाऱ्या वडिलांनी ही गोष्ट आठवावी.

३. शेजारच्या घरात दुसरा नियम

"वलीशिवाय निकाह होतो का?" याचं एकच उत्तर नाही. सुन्नी मुस्लिमांत फिक्ह म्हणजे धर्मनियमांच्या अनेक परंपरा आहेत. आपल्या भागात त्यांतल्या दोन महत्त्वाच्या. कल्याण-भिवंडीचे आणि किनाऱ्यावरचे कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई. दख्खनी आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. शाफई मतानुसार वलीशिवाय स्त्रीचा निकाह वैध होत नाही. हनफी मतानुसार वयात आलेली, समजूतदार स्त्री स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. वलीला आक्षेप घेता येतो तो कुफू नसल्यास, म्हणजे नवरा तोलामोलाचा नसल्यास. अंबरनाथच्या एकाच मशिदीत शेजारी उभे राहून नमाज पढणाऱ्या दोन बापांच्या घरांत हा नियम वेगवेगळा असू शकतो. ऑनलाइन जमलेल्या स्थळात एक घर शाफई आणि एक हनफी निघणं तर नेहमीचंच. पहिल्या दोन-तीन बोलण्यांतच हे विचारून घ्यावं.

हा वाद मुंबई उच्च न्यायालयात फार लवकर पोहोचला. १८६४ च्या 'मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद' या खटल्यात मुलीचं घराणं शाफई होतं. तिने वयात आल्यावर हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीशिवाय लग्न केलं. न्यायालयाने ते वैध ठरवलं. पुढे १९३९ मध्ये 'सय्यद मोहिउद्दीन विरुद्ध खतिजाबी' हा खटला आला. तिथे उलट झालं होतं. वडिलांनी वयात आलेल्या शाफई मुलीचा निकाह तिच्या मर्जीविरुद्ध लावला होता. न्यायालयाने तो रद्दबातल मानला. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. वलीच्या गरजेबद्दल मतभेद असतील, पण वयात आलेल्या मुलीच्या मर्जीविरुद्धचा निकाह न्यायालयाने टिकू दिला नाही. खन्सा बिन्त खिदाम या स्त्रीने वडिलांनी मर्जीविरुद्ध लग्न लावल्याची तक्रार केली, तेव्हा पैगंबरांनी तो निकाह मोडीत काढला, ही हदीस बुखारीच्या संग्रहात आहे. शाफई आणि हनफी दोघेही ती मानतात.

कुमारिकेचं मौन म्हणजे होकार, असंही एका हदीसमध्ये आहे. ते समोर बसून, विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. कुणाचा तरी बायोडाटा मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवला, तिने तो पाहिला आणि उत्तर दिलं नाही, याला होकार धरणं हा तिच्यावर अन्याय आहे.

४. ॲपमध्ये वलीला जागा

विवाहाच्या वेबसाइटवर पालकांनी मुलामुलींच्या नावे खातं उघडणं भारतात नवं नाही. 'खातं कोणी तयार केलं: स्वतः, आईवडील, भाऊबहीण' असा रकाना बऱ्याच संस्थळांवर असतो. मुस्लिमांसाठीच्या ॲपनी त्यापुढे पाऊल टाकलं. ब्रिटनमधल्या शहजाद यूनस यांनी सुरू केलेल्या मझमॅचचं ॲप २०१५ मध्ये आलं. २०२२ मध्ये त्याचं नाव मझ झालं. त्यात मुलीला हवं तर ती वलीची नोंद करू शकते. मग संभाषणाची प्रत वलीकडे जाते आणि समोरच्या मुलालाही तसं कळतं. फोटो धूसर ठेवून, विश्वास बसल्यावर उघडण्याची सोयही आहे. एकांतात स्त्रीपुरुषांनी भेटू नये हा जो संकेत आहे, तो ऑनलाइन बोलण्यालाही लागू करण्याचा हा प्रयत्न.

सोय चांगली आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. प्रत्येक संदेश वाचणारा वली मुलीचं बोलणं वाचतो. मुलाबद्दल त्यातून फारसं कळत नाही, कारण ज्याला फसवायचंच आहे तो वली वाचतोय म्हणून अधिकच सभ्य लिहितो. माझ्या मते मुलीनेच सांगावं, "अब्बा, मी याच्याशी बोलतेय, हा त्याच्या वडिलांचा नंबर," आणि अब्बांनी त्या नंबरावर फोन करावा. संदेशांच्या प्रतींपेक्षा या एका फोनचा उपयोग जास्त.

प्रत्यक्षात मात्र ॲपपेक्षा जास्त स्थळं व्हॉट्सॲपच्या रिश्ता-ग्रुपमधून फिरतात, आणि तिथे कसलीच तपासणी नसते. त्या बायोडाट्यावर मुलीऐवजी वलीचा नंबर द्यावा. घराचा पूर्ण पत्ता, नोकरीच्या ठिकाणाचं नाव आणि मोठा फोटो पहिल्या फेरीत नको. एकदा ग्रुपमध्ये गेलेला फोटो परत घेता येत नाही.

५. चौकशी: वलीचं खरं काम

बदलापुरात फ्लॅट घेताना आपण काय करतो? जाहिरात बघतो, नमुना घर आवडतं, पण तेवढ्यावर पैसे भरत नाही. घरातला कुणी जाणता माणूस बांधकामाच्या जागेवर जातो, जमिनीचे कागद बघतो, शेजारच्या इमारतीत पाणी किती वेळ येतं ते विचारतो. करारावर सही मात्र ज्याचं घर त्याचीच असते. ऑनलाइन स्थळात वलीची जागा त्या जाणत्या माणसाची आहे. ॲपवर दिसते ती जाहिरात. पाणी किती वेळ येतं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, अंबरनाथ पश्चिमेतली एक मुलगी परिचारिका आहे, उल्हासनगरच्या एका रुग्णालयात नोकरी करते. ॲपवर मुंब्र्याच्या एका मुलाशी ओळख झाली. तो दुबईत माल वाहतुकीच्या कंपनीत आहे, वय एकतीस, "लग्न झालेलं नाही" असं लिहिलंय. दोन-तीनदा बोलणं झालं, बरं वाटलं. घरी सांगायची वेळ हीच. मन गुंतण्याआधी सांगितलं की नकारही सोपा जातो आणि होकारही.

आता वडील आणि भाऊ काय करतील? प्रथम मुलाच्या वडिलांशी फोन, मग त्यांच्या घरी जाणं, तेही मुलीला न घेता. मुंब्र्यातल्या त्यांच्या मशिदीच्या इमामांना भेटणं. त्याच कंपनीत काम करणाऱ्या, पण मुलाने न सुचवलेल्या एखाद्या माणसाशी बोलणं. मुंब्रा-कौसा भागातून आखातात गेलेली माणसं पुष्कळ आहेत, ओळखीतून ओळख निघते. व्हिसा आणि तिथलं ओळखपत्र व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगण्यात संकोच नको. खऱ्या मुलाला याचं वाईट वाटत नाही. त्याच्याही बहिणीसाठी तो हेच करेल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आधीचं लग्न. एकतिसाव्या वर्षी एखाद्याचा आधी निकाह झालेला असणं हा गुन्हा नाही, तो लपवणं ही फसवणूक आहे. 'तलाक झालाय' असं सांगितलं तर कागद मागा: तलाकनामा, खुलानामा किंवा न्यायालयाचा आदेश. पालिकेतल्या नोंदणीवर विसंबून राहता येत नाही. मुस्लिम पुरुषाला व्यक्तिगत कायद्याने चार विवाहांपर्यंत मुभा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाणे महापालिकेशी संबंधित एका प्रकरणात म्हटलं की, महाराष्ट्राचा विवाह नोंदणी कायदा मुस्लिम पुरुषाच्या एकाहून अधिक विवाहांची नोंद करायला मनाई करत नाही. म्हणजे नोंदणी कार्यालय तुमच्या वतीने ही चौकशी करणार नाही. ती वलीलाच करावी लागेल.

चौकशी करताना बऱ्याच सज्जन माणसांची जीभ अडते. कुणी विचारलं, "मुलगा कसा आहे?" तर "अल्लाहच्या कृपेने चांगला आहे" एवढंच सांगून मोकळे होतात, कारण पाठीमागे वाईट बोलणं म्हणजे गीबत, पाप. इथे फातिमा बिन्त कैस यांची हदीस आठवायला हवी. त्यांना दोन पैगाम आले होते, मुआविया यांचा आणि अबू जह्म यांचा. त्यांनी पैगंबरांना विचारलं. पैगंबरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की, मुआवियाकडे संपत्ती नाही आणि अबू जह्म खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही. मग उसामा यांचं नाव सुचवलं. लग्नाच्या चौकशीत खरं सांगणं ही गीबत नाही, ती अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली जबाबदारी आहे, असं उलेमा याच हदीसच्या आधारे सांगतात. शेजारी, इमाम, कार्यालयातले सहकारी या सगळ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: कुणाच्या मुलीची चौकशी तुमच्या दारात आली, तर मुलाच्या दारूबद्दल, मारहाणीबद्दल, कर्जाबद्दल जे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे ते सांगा. तुमच्या गप्प बसण्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं.

पैशांची फसवणूक ओळखणं त्यामानाने सोपं असतं. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनियर, लग्नाची भाषा पहिल्याच आठवड्यात, मग पाठवलेली भेटवस्तू कस्टममध्ये अडकलेली आणि ती सोडवायला पैसे हवेत. लग्न ठरण्याआधी पैसे मागणारा माणूस स्थळ नसतो. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, जितका लवकर तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. फोटोंवरून धमक्या येत असतील तरी पोलिसांत तक्रार करता येते. अशा वेळी मुलीने घरी सांगावं, यासाठी तिला आधीपासून खात्री असायला हवी की घरचे तिलाच दोष देणार नाहीत. ही खात्री देणं हेही वलीचंच काम आहे.

६. वली नाही म्हणाला तर

चौकशीतून ठोस कारण मिळालं आणि वडील नाही म्हणाले, तर मुलीने ते कारण ऐकून घ्यावं. पण कधीकधी कारण असतं ते फक्त बिरादरीचं किंवा 'तूच का शोधलंस' या रागाचं. पैगंबरांच्या काळातली एक गोष्ट अशाच रागाची आहे. माकिल इब्न यसार यांच्या बहिणीचा तलाक झाला होता. काही काळाने तोच नवरा पुन्हा पैगाम घेऊन आला. बहिणीची इच्छा होती, भावाने रागाने अडवलं. तेव्हा कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातली २३२ वी आयत उतरली: दोघे रीतसर राजी असतील तर स्त्रियांना लग्नापासून अडवू नका. माकिल यांनी राग सोडला आणि स्वतः तो निकाह लावून दिला. विनाकारण अडवणारा वली आपला हक्क गमावतो आणि तो पुढच्या वलीकडे किंवा काझीकडे जातो, हे शाफई फिक्हमध्येही मान्य आहे. म्हणून शाफई घरातल्या मुलीसमोर दोनच वाटा असतात, वडिलांचं ऐकणं किंवा पळून जाणं, हा समज चुकीचा आहे. काझींकडे किंवा जमातीतल्या वडीलधाऱ्यांकडे जाण्याची तिसरी वाट धर्मानेच ठेवली आहे.

देशाचा कायदा तर अधिकच स्पष्ट आहे. केरळच्या हादिया प्रकरणात पतिपत्नींची ओळख एका मुस्लिम विवाह संस्थळावरून झाली होती. केरळ उच्च न्यायालयाने तो विवाह रद्द केला होता. ८ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला. जोडीदार निवडणं हा सज्ञान व्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात म्हटलं आहे.

७. निकाह आणि कागद

मुलगा आखातात आहे, सुट्टी मिळत नाही, मग व्हिडिओ कॉलवरच निकाह करावा का? बहुतेक हनफी मुफ्तींचं मत असं की, विचारणं आणि कबूल करणं एकाच बैठकीत, साक्षीदारांसमोर व्हायला हवं. त्यासाठी एक सोपी वाट आहे. मुलाने फोनवरून इथल्या कुणाला तरी वकील, म्हणजे आपला प्रतिनिधी नेमायचं, आणि त्या वकिलाने बैठकीत बसून त्याच्या वतीने कबूल करायचं. मुलीकडेही वकील आणि दोन गवाह तिच्या खोलीत जाऊन तिला विचारतात, ही आपल्याकडची जुनीच पद्धत. तिला विचारताना खोलीत गर्दी नको, आणि मेहरची (नवऱ्याने तिला द्यायची) रक्कम तिला ऐकू येईल अशी सांगितली जावी.

निकाहनाम्यात काय लिहायचं, हे मंडपात ठरत नाही, आठवडाभर आधी ठरतं. वलीने बोलावं असं हे आणखी एक ठिकाण. मेहर किती, त्यातली नगद किती आणि उधार किती. मुलगी नोकरी चालू ठेवणार का. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर मुलीला स्वतः तलाक घेण्याचा अधिकार असेल, अशी अटही लिहिता येते. तिला तफवीज म्हणतात आणि भारतीय न्यायालयांनी तिला मान्यता दिली आहे. या अटींची बोलणी मुलीने होणाऱ्या नवऱ्याशी ॲपवर करणं अवघड. दोन्ही घरचे समोरासमोर बसले की त्या सहज निघतात.

मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे निकाहाची नोंदही करायची असते. उल्हासनगरला महापालिकेत, अंबरनाथला आणि बदलापूरला नगरपरिषदेत विवाह निबंधकाकडे नव्वद दिवसांच्या आत, तीन साक्षीदारांसह अर्ज द्यावा. निकाहनाम्याची एक प्रत आणि नोंदणीचा दाखला मुलीच्या स्वतःच्या हाती असू द्या, आणि त्यांच्या झेरॉक्स माहेरीही ठेवा.